हँडब्रेक ढिला पडलाय? केबलला हात सगळ्यात शेवटी लावा

प्रश्न थोडक्यात असा: घर रत्नागिरीत, चढावर. गाडी दहा वर्षांची छोटी हॅचबॅक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. हँडब्रेक अकरा-बारा कट (ओढताना येणारे ‘कट-कट’ आवाज) वर येतो, लिव्हर जवळजवळ उभाच राहतो, तरी अंगणात लावलेली गाडी फाटकाकडे सरकते. गॅरेजात दोनदा केबल आवळून दिली. दोन्ही वेळा महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. हे घरी करता येईल का, आणि नेमका कुठला नट किती फिरवायचा?

करता येईल. नटाचंही सांगतो, पण शेवटी, कारण तुमच्या गाडीचा आजार त्या नटात नाही. दोनदा आवळलेली केबल दोनदा ढिली पडली, यातच अर्धं उत्तर आलं. स्टीलची केबल महिन्याभरात एवढी ताणली जात नसते. ढिलाई दुसरीकडे आहे, ड्रमच्या आत, आणि केबल आवळून ती नुसती झाकली गेली.

साताऱ्यात तीस वर्षं माझं गॅरेज होतं. एका बाजूला यवतेश्वर, दुसऱ्या बाजूला पसरणीचा घाट, त्यामुळे इंजिनापेक्षा ब्रेकचीच कामं जास्त यायची. शिकाऊ होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाचा हँडब्रेक मी असा आवळला की दुसऱ्या कटला गाडी जागची हलेना. मालक खूश, मी त्याहून खूश. दुसऱ्या दिवशी तो महाबळेश्वरला गेला. येताना पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईत पोचला तेव्हा मागच्या उजव्या चाकातून धूर येत होता. ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) उघडला तर लायनर (त्याला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) काचेसारखे चकचकीत, कडेला जळून काळे, आणि तो वास दोन दिवस माझ्या नाकातून गेला नाही. उस्ताद एवढंच म्हणाले, "हँडब्रेक केला नाहीस तू, चाक बांधून ठेवलंस."

आत काय चालतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. लिव्हर ओढला की त्याच्या बुडातली दांडी एका आडव्या पट्टीला ओढते. त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन केबली, एकेका मागच्या चाकाकडे गेलेल्या. ड्रमच्या आत केबलच्या टोकाला एक छोटी पत्र्याची तरफ असते. ती ओढली गेली की मधल्या आडव्या दांडीच्या आधाराने दोन्ही लायनर फाकतात आणि ड्रमला आतून दाबतात. पायाचा ब्रेक तेच लायनर ऑइलच्या दाबाने फाकवतो. म्हणजे रस्ते दोन, पण मुक्कामाचं ठिकाण एकच: लायनर आणि ड्रम यांच्यातली फट.

लायनर झिजतात तशी ही फट वाढते. ती आपोआप भरून निघावी म्हणून त्या आडव्या दांडीत अ‍ॅडजस्टर बसवलेला असतो, दातेरी चाकाचा नाहीतर खाचांच्या पट्टीचा. पाय दाबल्यावर लायनर गरजेपेक्षा जास्त लांब सरकले, की तो एक दात पुढे जातो. आता यात मेख अशी की, हँडब्रेक सोडलेला असताना ती आतली तरफ पूर्ण मागे, तिच्या अडकणीवर टेकलेली असायला हवी. केबल जास्त आवळली की ती अर्धवट ओढलेलीच राहते. लायनर कायम थोडे फाकलेले, म्हणून पाय दाबल्यावर त्यांना सरकायला जागाच उरत नाही, म्हणून अ‍ॅडजस्टर दात पकडत नाही. झीज मात्र चालूच. महिन्याभराने लिव्हर पुन्हा वर येतो, पुन्हा कोणीतरी केबल आवळतो. तुमच्या गाडीत हेच झालं असणार.

आता कामाला लागू. जागा सपाट हवी, तुमच्या अंगणातला चढ अजिबात नको. गाडी शेजाऱ्याकडे न्या, शाळेच्या मैदानावर न्या, पण सपाटीवर. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणून पहिला गिअर टाकून ठेवा म्हणजे पुढची चाकं धरून राहतील, शिवाय दोन्ही पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. (ज्यांची गाडी मागच्या चाकांवर चालते, ओम्नी, ईको, बोलेरो वगैरे, त्यांना गिअर न्यूट्रल ठेवावा लागेल, नाहीतर मागचं चाक फिरणारच नाही. मग सगळी भिस्त दगडांवर. ते मोठे घ्या.) मागची चाकं उचलायची आणि गाडी जॅक स्टँडवर (भार पेलणाऱ्या लोखंडी पायांवर) टेकवायची. गाडीबरोबर मिळालेला जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. विटा रचून तर मुळीच नको, वीट सांगून फुटत नाही.

हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. चाक सुटसुटीत फिरायला हवं, कुठेतरी हलकी खसखस आली तर हरकत नाही. मग घरातल्या कोणालातरी आत बसवा आणि एकेक कट मोजत लिव्हर ओढायला सांगा. तुम्ही चाकाशी. "एक... दोन... तीन..." कितव्या कटला चाक जड होतं, कितव्याला हाताने हलत नाही, हे डाव्या आणि उजव्या चाकाचं वेगवेगळं कागदावर लिहून ठेवा. हा कागद जपा, अर्धं निदान त्यावर असतं.

दोन्ही चाकं सारखीच उशिरा धरत असतील तर फट वाढली आहे. एक चाक पाचव्या कटला ठार आणि दुसरं अकराव्यालाही फिरतंय, तर त्या दुसऱ्या बाजूची केबल जाम आहे किंवा तिथला अ‍ॅडजस्टर गंजून बसला आहे. कोकणात हे फार बघायला मिळतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. केबलच्या टोकाची रबरी टोपी एकदा चिरली की पाणी आत उतरतं आणि मग वरून केबल नवीकोरी दिसते, आत सगळा गंज. आणि दोन्ही चाकं सहा-सातव्या कटला घट्ट धरतात, तरी चढावर गाडी सरकते? मग लायनरवर ऑइल आलंय किंवा ते घासून गुळगुळीत झालेत.

आणखी एक खूण, जॅक न लावता कळणारी. पायाचा ब्रेक पहिल्यांदा खोल जातो आणि लगेच दुसऱ्यांदा दाबला की वर मिळतो, असं होतंय का? होत असेल तर बहुतेक वेळा मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिलेत. मग ड्रम उघडायचाच.

ड्रम उघडण्याआधी हँडब्रेकचा नट (तोच, शेवटचा; कुठे असतो ते खाली सांगितलंय) पूर्ण सैल करा, म्हणजे आतली तरफ मागे जाईल. मग चाक काढा. इथे एक फाटा फुटतो. काही गाड्यांत ड्रम नुसता वर बसवलेला असतो, एखादा स्क्रू काढला की झालं. काहींत ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकच असतो, मधली टोपी काढून मोठा नट सोडावा लागतो. तो नट परत ठरलेल्या टॉर्कलाच, म्हणजे मोजलेल्या जोरानेच, आवळायचा असतो, आणि बहुतेक गाड्यांत नवाच घालायचा असतो. त्याच्यावर चाकाचं बेअरिंग अवलंबून आहे. तुमची गाडी या दुसऱ्या प्रकारची निघाली आणि टॉर्क रेंच जवळ नसेल, तर इथे थांबा आणि पुढचं काम गॅरेजातून करून घ्या. कमीपणा वाटायचं कारण नाही. काय करायचं हे तुम्ही सांगा, म्हणजे तो नुसती केबल आवळून पाठवणार नाही.

नुसता वर बसवलेला ड्रम असेल आणि तो हलत नसेल, तर त्याच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं बघा. बऱ्याच गाड्यांत त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट बसतात. दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलात की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. एकच बोल्ट आवळत बसाल तर ड्रम तिरका होऊन आणखी जाम होईल. हातोडी मारायचीच तर लाकूड मध्ये धरून, आणि कडेवर नाही. ड्रमचं लोखंड ओतीव आहे, टवका उडतो.

ड्रम निघाला की सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन-चार कोनांतून. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी बाजू तुमचं पुस्तक. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या हे तासाभराने आठवत नाही, मला तीस वर्षांनंतरही आठवत नव्हतं. आणि ड्रम बाहेर असताना कोणीही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवायचा नाही. लायनर फाकवणाऱ्या ऑइलच्या सिलेंडरचे पिस्टन बाहेर उडतात, ऑइल सांडतं, आणि एका तासाचं काम दोन दिवसांचं होतं. मुलांना गाडीत बसू देऊ नका.

आतली काळी भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जाते. साबणाच्या पाण्याने भिजवून ब्रशने धुवा किंवा ब्रेक क्लीनरची बाटली आणा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल लायनरच्या आसपास फिरकू देऊ नका. आता बघा. लायनरची जाडी, पत्रा सोडून, दीड मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर नवे टाका, दोन्ही चाकांचे एकदम. सिलेंडरच्या रबरी टोप्यांची कड बोटाने हळूच उचला. खाली ओल असेल तर सिलेंडर गळतोय. मग तो बदलणं आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं आलं, ते सवय नसेल तर गॅरेजकडे सोपवा. ऑइल प्यालेला लायनर पुसून, घासून, तव्यावर भाजून सुधारत नाही. भाजणारे मी पाहिलेत. चार दिवसांत ऑइल परत वर येतं. ड्रमच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. झिजून कडेला उंच ओठ तयार झाला असेल तर मोजमाप करून घ्या. जास्तीत जास्त किती व्यास चालतो हे बहुतेक ड्रमवरच कोरलेलं असतं.

लायनर जाड आहेत, ऑइल नाही, फक्त चकाकी आली आहे, तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मोडा, ड्रमची आतली बाजूही तशीच.

मग तुमच्या गाडीतला खरा गुन्हेगार, तो अ‍ॅडजस्टर. बाहेर काढा, तारेच्या ब्रशने साफ करा, आट्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढंच उष्णतेला टिकणारं ग्रीस लावा. तो हाताने सहज फिरायला हवा. डाव्या आणि उजव्या चाकाचे अ‍ॅडजस्टर सहसा उलट आट्यांचे असतात, अदलाबदल झाली तर तो फट भरायच्या ऐवजी वाढवत बसतो. मागच्या पत्र्यावर लायनर जिथे टेकून सरकतात तिथे उंचवटे असतात, त्यांनाही तेवढंच ग्रीस. हँडब्रेकची तरफ बोटाने ओढा आणि सोडा: खट्‌कन मागे जाऊन अडकणीवर टेकली पाहिजे. आळसावलेली, अर्ध्यात थांबलेली दिसली तर तिची खीळ गंजली आहे, नाहीतर केबल आत अडकते आहे. केबल तरफेपासून सोडवून एकटी ओढून बघा म्हणजे दोघांपैकी कोण ते कळेल. अडकणाऱ्या केबलीत ऑइल सोडून काम भागवणं म्हणजे एका पावसाळ्याची सोय. बदला, आणि जोडीच बदला.

जोडणी करताना अ‍ॅडजस्टर एकेक दात लांबवत ड्रम चढवून बघायचा. ड्रम हाताने बसतो आणि फिरवला की सगळीकडून हलकी खसखस येते, तिथे थांबा. ड्रम दाबून बसवावा लागत असेल तर एक-दोन दात मागे घ्या. दोन्ही बाजू झाल्या, ड्रम नीट बसले, की गाडीत बसून पायाचा ब्रेक पंधरा-वीस वेळा चांगला दाबून सोडा. खिडक्या उघड्या ठेवल्यात तर मागून टिक टिक ऐकू येतं. तो अ‍ॅडजस्टर दात पकडतोय. आवाज बंद झाला म्हणजे त्याला हवी ती फट मिळाली. दहा वर्षांनी तो पहिल्यांदा बोलला की मालकाच्या तोंडावर जे येतं, ते बघायला मला नेहमी आवडायचं.

आता तो नट. बऱ्याच छोट्या गाड्यांत लिव्हरच्या मागचं प्लास्टिकचं कव्हर उचललं की लांब आट्यांची दांडी आणि तिच्यावर नट दिसतो, बहुतेक दहा नंबरचा पाना लागतो. काही गाड्यांत तो गाडीखाली, त्या आडव्या पट्टीपाशी असतो. अर्धा अर्धा फेरा आवळायचा आणि दर वेळी लिव्हर ओढून कट मोजायचे. बहुतेक छोट्या गाड्यांत चार ते नऊच्या दरम्यान पूर्ण पकड यायला हवी. तुमच्या गाडीचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत आहे, तोच प्रमाण. मला स्वतःला सहा आवडतो. तीन कटला गाडी ठार झाली म्हणून टाळी वाजवू नका, पसरणीचा धूर आठवा. मग लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही चाकं पुन्हा फिरवा: मघाशी होती तेवढीच खसखस, त्याहून जास्त नाही. जास्त असेल तर नट सैल करा. पुन्हा कट मोजून कागदावर मघाच्या आकड्यांशेजारी लिहा, डावं-उजवं जवळजवळ सारखं यायला हवं. पहिल्या कटला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का, खाली केल्यावर विझतो का, तेही बघून घ्या.

गाडी खाली उतरवून चाकांचे नट आवळा आणि पाच-सात किलोमीटर चक्कर मारून या, शक्यतो ब्रेक कमी वापरून. उतरल्यावर मागच्या दोन्ही चाकांच्या मधोमध पाण्याचे थेंब शिंपडा. एका बाजूला चर्र झालं आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर ते चाक धरून चालतंय. हात लावून बघू नका.

चढाची परीक्षा मात्र तुमच्या फाटकासमोर नको, खाली कोणी नाही अशा जागी. तोंड चढाकडे करून एकदा, उताराकडे करून एकदा, पाय पेडलच्या वर तयार ठेवून. नवे लायनर टाकले असतील तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड थोडी कमी राहते, ते ड्रमशी जुळायला वेळ घेतात. त्यानंतर पुन्हा एकदा कट मोजा.

आणि तुमच्या अंगणाचा चढही मोजून घ्या. गवंड्याची लेव्हल पट्टी आणि एक मीटर लांबीची सरळ फळी पुरे. फळीचं एक टोक चढावर टेकवा, दुसरं उचलून लेव्हल साधा आणि खालची जागा सेंटिमीटरमध्ये मोजा. २० सेंटिमीटर आले तर २० टक्के चढ. मोटारींच्या ब्रेकचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, संयुक्त राष्ट्रांचं आर-१३-एच, त्यात भरलेली गाडी हँडब्रेकवर २० टक्के चढावर उभी राहावी अशी अट आहे, आणि ती हाताने ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलोपेक्षा, जास्त जोर न लावता. कोकणातल्या घरांकडे जाणारे काही सिमेंटचे उतार याहून उभे असतात. तुमचा तसा निघाला तर चांगला हँडब्रेकही एकट्याने पुरा पडेलच असं समजू नका.

मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असलेल्यांसाठी दोन ओळी. घाट उतरून गरम डिस्कवर हँडब्रेक लावला की डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल पडू शकते. गाडी उभी केल्यावर दहा मिनिटांनी सरकल्याच्या गोष्टी त्यातूनच येतात. एक कट जास्त ओढा आणि गिअर टाका. ड्रमचं उलट, तो थंड होताना लायनरवर आवळतो. आणि ज्यांचा हँडब्रेक बटणाचा आहे त्यांनी मागच्या कॅलिपरला (डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाला) क्लॅम्प लावून पिस्टन मागे ढकलायला जाऊ नये. हँडब्रेकची मोटर आधी स्कॅनरने सर्व्हिसच्या अवस्थेत न्यावी लागते, नाहीतर आतले दात जातात.

पावसाळ्यात आठवडाभर गावाला जाणार असाल तर हँडब्रेक लावून जाऊ नका, लायनर ओल्या ड्रमला चिकटतात आणि परत आल्यावर गाडी हलत नाही. सपाट जागी गिअर आणि चारही बाजूंनी दगड बरे.

हे काम रविवारी करणार असाल तर तोवर गाडी अशी लावा: आधी पायाचा ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. किती सरकते ते बघा, पुन्हा पाय दाबा आणि मग गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुढची चाकं गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे) वळवलेली असू द्या, म्हणजे सरकलीच तर गाडी गडग्याला टेकेल, फाटकातून रस्त्यावर जाणार नाही. आणि मागच्या चाकाखाली जांभ्याचा एक चिरा. सकाळी निघताना तो काढायचा विसरू नये म्हणून त्याला दोरी बांधून दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या कडीला अडकवा.